आवळलेलं पोट

ज्वारी उपटायची तर आधी पोट आवळावं लागतं. बघणाऱ्याला वाटतं हे हाताचं काम हाय. हात नुसते धरायला. दोन-तीन ताटं, म्हणजे उभी धाटं, बुडाशी मुठीत धरायची, पाय रोवायचा, अन् जोर निघतो तो बेंबीच्या मागून. माघ संपत आला की आमची काळी जमीन वाळून तडकलेली असते, भेगेत हात जाईल एवढी, तरी मूळ काय सोडत न्हाई. उपटलं की मुळाची माती नडगीवर आपटून झाडायची अन् ताटं मागं आडवी टाकायची. पुन्हा वाकायचं. दिवसभर हेच.

यंदा बी सुगी आली. चौसाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत, आमचं गाव. रस्त्यानं ट्रकांचा आवाज कायम असतो, पण या महिन्यात सकाळी त्या आवाजाच्या खालून दुसरा एक आवाज येतो, वाळलेल्या पानांचा. पाच-सहा माणसांची रांग ज्वारीत शिरली की तसा आवाज होतो. मी अंथरुणातच तो ऐकतो अन् माझं पोट आत जातं. मी काही करत न्हाई. ते आपलं जातं. सोजर जाऊन तीन वरसं झाली अन् तिनं लावलेली ही खोड अजून तशीच हाय.

सोजर म्हणजे माझी बायको. ती होती तवर मी तिला कधी नावानं हाक मारली न्हाई. ‘अगं’ म्हणलं की ती वळायची. आता नाव घेतो. अगं म्हणून वळणारं कुणी न्हाई घरात.

ही खोड तशी माझ्या दुखण्यासाठी होती, तिच्या न्हाई. ती गेली त्या वरशी पुसात मी एक आजारी शेळी उचलून टेम्पोत घालायला गेलो अन् कंबर धरली. अशी धरली की तीन दिवस मी घरात रांगत होतो. सोजर म्हणायची, नातवंडं खेळवायची हौस होती, देवानं म्हातारं बाळ दिलं. आमची एकच लेक, वनिता, केजच्या पलीकडं दिलेली. ती आली अन् आमा दोघांना अंबाजोगाईला घेऊन गेली. मांजरसुंब्याला गाडी बदलताना मला दोघींनी दोन बाजूनं धरलं होतं अन् मी दोघींवर बी खेकसत होतो.

दवाखान्यात डाक्टरनं फोटो बघितला, हाड शाबूत हाय म्हणला, अन् व्यायाम शिकवणाऱ्या पोरीकडं धाडलं. त्या कामाला इंग्रजी नाव हाय, माझ्या तोंडात बसत न्हाई. नात शोभंल अशी पोरगी. तिनं मला खाटेवर उताणं पाडलं, बेंबीच्या बाजूला दोन बोटं ठेवली अन् खोकायला सांगितलं. मी खोकलो. बोटाखाली काय झालं म्हणून विचारलं. म्हणलं, आवळलं.

“बस, हेच करायचं, बाबा. दिवसभर. बसलात तरी, उभे असलात तरी, गाडीत, गप्पा मारताना. पोट पाठीकडं ओढायचं, दहा मोजायचे, सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. वेगळा वेळ काढायची गरज नाही.”

आणखी एक सांगितलं तिनं, ते बी लिहितो. म्हणली, पहिले पंधरा-वीस दिवस पोट दुखेल, दुखलं म्हणून सोडू नका. अन् सोजरकडं वळली. आजी, बाबा विसरतील, तुमी आठवण करून देत जा. सोजर स्टुलावर डोक्यावर पदर घेऊन बसलेली. तिनं अशी मान हलवली जशी काय सरकारी नोकरी लागली.

परतीच्या गाडीत ती माझ्या बाजूला बसून कोपरानं ढोसायची अन् हळूच म्हणायची, आवळा. मी आवळून आकडे मोजायचो. श्वास कोंडायचा न्हाई हे मी विसरलो होतो. त्यात कंडक्टर आला. कुठं जायचं म्हणून त्यानं दोनदा विचारलं, मी आठावर होतो. तोंड लाल झालेलं. तो सोजरला म्हणला, म्हाताऱ्याला उलटी येतीया वाटतं, खिडकीशी बसवा. सोजर मांजरसुंब्यापर्यंत हसत होती. पदर तोंडात कोंबून हसायची, खांदे हलायचे. चाळीस वरसाच्या संसारात ती एवढी हसलेली मला दुसरी आठवत न्हाई.

हमीदला हे कळलं तवा त्यानं बी सोडलं न्हाई. हमीद माझा जुना दोस्त, रस्त्याला पंक्चरचं दुकान. मी त्याच्या दुकानात डब्यावर ताठ बसून आवळत होतो, त्यानं विचारलं काय चाललंय, मी सांगितलं.

“तुझ्यापाशी पोट हायच कुठं बे आवळायला?” तो म्हणला. “ते काम मला दे. माझ्यापाशी माल हाय.”

खरंच होता. त्यानं बनियन वर करून आवळून दाखवलं, काही हललं न्हाई. आमी दोघं म्हातारे रस्त्याच्या कडंला पोट ओढत बसलो, अन् ट्यूब घेऊन आलेला ड्रायवर आमच्याकडं बघत उभा.

माझं आवळणं सोजरच्या आवाजावर चालायचं. पाणी शेंदताना, शेळ्या सोडताना, भाकरी थापताना मधीच तिचा शब्द यायचा. अन् मला एकट्यालाच वेड्यावानी वाटू नये म्हणून ती स्वतः बी आवळायची. तिला आकडे मोजायचा कंटाळा. ज्वारी निघाली तवा तिनं आपला हिशोब काढला: दहा ताटं आवळून उपटायची, दहा ताटं सैल सोडून. कंबर उभी राहिली होती माझी तवर. महिना बी न्हाई झाला अन् मी रांगेत आलो. पोरगीचं खरं होतं.

आमच्याकडं सुगीला सावड असते. पाच-सहा घरं मिळून एकेकाची ज्वारी काढायची. आज तुमच्यात, उद्या माझ्यात. घरटी दोन माणसं आलीच पाहिजेत. मजुरी न्हाई, कागद न्हाई. आमच्या रानात ज्या बाया दिवसभर वाकल्या, त्यांच्या रानात आपण वाकायचं, एवढंच. मरण अन् बाळंतपण सोडून त्याला माफी न्हाई. त्या वरशी आमचं रान पहिल्यांदाच निघालं, माझ्या कंबरंवर मेहरबानी म्हणून. सगळ्यांनी आमचं आधी काढून दिलं. मग आमाला बाकीच्या पाच घरी जायचं होतं.

रांगेत सोजरच्या शेजारी पारूबाईची पात असायची. पात म्हणजे ज्यानं त्यानं उपटत न्यायचा पट्टा. पारूबाई आमची शेजारीण, भावकीतली, जिभंला हाड न्हाई. तिनं ते आवळणं ऐकलं अन् सगळ्या रांगेला लावलं. सोजर म्हणायची आवळा, अन् सहा-सात बाया एकदम पोट ओढून ताटाला भिडायच्या. कुणी मधीच हसलं की सगळ्यांचं सुटायचं. पारूबाई मला लांबून ओरडायची, भावजी, आवळलं का, दाखवा. असा तो हंगाम होता. ऊन वाढत चाललेलं, ज्वारीची कूस मानंवर चिकटून खाज सुटायची, पानांच्या धारंनं मनगटं चिरलेली, अन् रांगेत हसणं. मला तो हंगाम हसण्यासकट आठवतो. नुसता वाईट आठवला असता तर बरं झालं असतं.

कारण त्याच दिवसात सोजर जेवायची कमी झाली होती.

दोन घास खाल्ले की हात धुवायची. म्हणायची, पोट भरलं. पारूबाई म्हणली, व्यायामानं पोट आक्रसलं तिचं, आता भाकरी वाचंल. लुगडं नेसताना निऱ्या कमी पडायला लागल्या. ती म्हणली, अंग सुटलं का काय माझं. मी म्हणलं, मानवतंय तुला. ओटीपोटात दुखतं म्हणायची, तर ते बी बरोबर होतं. पोरगीनं सांगूनच ठेवलं होतं, दुखंल म्हणून, सोडू नका म्हणून. तिचं सांगणं माझ्यासाठी होतं, आमी दोघांनी घेतलं. एकेक गोष्ट कशी आपल्या जागी बसली बघा. एक बी गोष्ट अशी न्हाई की जिचा जबाब आमच्यापाशी न्हवता.

आता जे लिहितो ते हमीदला बी कधी सांगितलं न्हाई.

दुपारची सुट्टी होती. तिसऱ्या घराचं रान. बाया पाणी प्यायला विहिरीवर गेलत्या. मी अन् सोजर चिंचंखाली. ती अर्धी भाकर फडक्यात गुंडाळून ठेवून उताणी पडली होती, गुडघे वर घेऊन. म्हणली, आवो, हात आणा इकडं. मी इकडंतिकडं बघितलं. रानात, दिवसाढवळ्या. ती म्हणली, आणा की, कुणी खात न्हाई. तिनंच माझं मनगट धरलं अन् तळहात तिच्या पोटावर ठेवला, बेंबीच्या खाली. टणक होतं. लाकडाच्या पाटावानी. मी म्हणलं, वा, तू तर माझ्या पुढं गेलीस. आता सोड.

“सोडलंय की,” ती म्हणली.

ती माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं न्हाई, हाताकडं बघितलं. तिनं श्वास बी सोडला, मला तो ऐकू आला. तिचे गुडघे सैल झाले, हात बाजूला पडले, सगळं अंग सैल झालं. हाताखालचं झालं न्हाई. एका अंगाला जरा जास्तच टणक होतं. मी म्हणलं, सवयीनं आता आपोआप धरून ऱ्हातंय, बेस झालं. अन् हात काढून घेतला. तिनं पदर सारखा केला. मग म्हणली, एकदा डाक्टरला दाखवावं का? मी म्हणलं, सुगी होऊ दे. दोन घरं राहिलीत.

आमच्यात सगळं सुगी झाल्यावर असतं. लग्नाची बोलणी, दातदुखी, डोळ्याचा मोतीबिंदू, पोरीला माहेरी आणणं, भांडण मिटवणं. सुगी होऊ दे म्हणलं की पुढचा माणूस मान हलवतो, पुढं विचारत न्हाई. तिनं बी हलवली. विहिरीवरून बाया आल्या. सोजर उठली, हाताला फडकं बांधलं अन् पातीला लागली. दहा ताटं आवळून, दहा सैल. मी मोजत होतो. त्या दुपारपासून तिचा आवाज यायचा कमी झाला. मी विसरलो की ती ढोसायची न्हाई. मी आपला मनानंच आवळायचो.

दोन घरं झाली, मग मळणीत फागून गेला. चैत लागला. पाडव्याला तिचा पाय सुजलेला वनितानं बघितला अन् दम लागलेला बघितला. तिथून पुढचं लवकर झालं. पोटात पाणी, पिशवीच्या बाजूला गाठ, गाठीची पिलं दुसरीकडं गेलेली. डाक्टर बाई चांगली होती, ओरडली न्हाई. एवढंच म्हणली, दोन-तीन महिने आधी यायला पाहिजे होतं. वनिता मायला म्हणली, कावून सांगितलं न्हाई मला? सोजर खाटेवरून माझ्याकडं बघत होती. ती तवा एक शब्द बोलली असती तर गोष्ट तिथंच फिटली असती. तिनं डोळे मिटले. म्हणली, सुगी होती ना गं.

ती जेठात गेली. तिरडी उचलायची तवा भावकीतली पोरं म्हणली, आबा तुमी बाजूला व्हा, तुमची कंबर. मी न्हाई झालो. खाली वाकलो, बांबूला हात घातला, अन् उचलायच्या आधी माझं पोट आवळलं गेलं. शिकवल्याबरहुकूम. कंबरंला जरा बी चमक आली न्हाई. बायकोची तिरडी मी तालमीतल्या गड्यावानी उचलली. तवापासून मला माझ्या या धडधाकट कंबरंची शिसारी येते.

दहाव्याला लोक बोलायला बसले. काय सोशिक बाई म्हणले. एवढं दुखणं पोटात घेऊन दुसऱ्याच्या रानात वाकली, कुणाला कळू दिलं न्हाई. पारूबाई रडून रडून सांगायची, माझ्या शेजारच्या पातीला होती हो, हसायची, मला बी पत्ता लागू दिला न्हाई. गावात तेच झालं. सोजरनं लपवलं. कुणी चांगल्या तोंडानं म्हणायचं, कुणी वाईट. वनिता वाईट तोंडानं म्हणायची. तिचा मायवरचा राग गेला न्हाई. एकदा सांगितलं असतं तर मी उचलून नेलं असतं, म्हणायची, मी काय परकी होते का. वरसाच्या श्राद्धाला मायच्या फोटोकडं पाठ करून बसली. अन् मी हे सगळं ऐकून घ्यायचो. मान हलवायचो. तिच्या सोशिकपणाच्या आडोशाला मी तीन वरसं सुखानं बसलो.

मधी एकदा मी अंबाजोगाईला गेलतो. एकटाच. त्या पोरगीला शिव्या घालायला. दुखलं तरी सोडू नका म्हणलीस, तर बघ काय झालं, असं मी गाडीत पाठ करत गेलो. ती त्याच खोलीत होती. मला ओळखलं तिनं. बाबा, कंबर कशी आहे? अन् मी काही म्हणायच्या आत खाटेवर पाडलं, दोन बोटं लावली, आवळायला लावलं, सोडायला लावलं.

“छान. बघा, धरलं की टणक लागतं, सोडलं की मऊ. असंच पाहिजे. सोडल्यावरही टणक राहिलं तर मग बघावं लागतं.”

तिला काही ठाऊक न्हवतं. ती आपली शिकवत होती. मग म्हणली, आजी नाही आल्या? मी म्हणलं, न्हाई. एवढंच बोलून आलो. शिव्या तशाच पोटात राहिल्या. त्या तिच्या न्हवत्याच.

कारण हे मला ती सांगायच्या आधी ठाऊक होतं. मी शेळ्यांवाला माणूस. चौथी पास, पण शेळीच्या पोटाखाली हात घालून मी सांगतो, गाभण हाय का नुसती चरून आली, एक हाय का दोन, वारं भरलंय का गोळा झालाय. लांबून लोक शेळी घेऊन दारात येतात. शेळी भेली की पोट आवळते, मग तिला गोंजारायचं, सैल पडू द्यायचं, अन् सैल पडल्यावर बी जे टणक लागतं ते खरं. एवढं साधं हाय. माझ्या तळहाताला हे चाळीस वरसापासून येतं. चिंचंखाली माझ्या तळहाताला कळलं होतं. कळल्यावर मी हात काढून घेतला, पोळल्यावानी. ज्या माणसाला कळत न्हाई तो हात ठेवून बघतो. ज्याला कळतं तो काढतो.

कावून काढला हे मी लई वेळा विचारलंय. सावडीचे दोन दिवस राहिले होते, हे एक. ती रांगेतून गेली असती तर नुकत्या बऱ्या झालेल्या कंबरंनं मला दोघांच्या पाती ओढाव्या लागल्या असत्या, हे दुसरं, अन् हे लिहायला हात जड होतो. तिसरं म्हणजे मी भेलो. शेळीच्या पोटात तसा गोळा लागला की मी मालकाला काय सांगतो ते मला पाठ हाय.

सावडीत घरटी दोन माणसं लागतात. सोजर गेल्यापासून दुसरं माणूस म्हणून वनिता येते. सासरची सुगी टाकून पाच-सहा दिवस येते अन् मायची पात ओढते. पारूबाईच्या शेजारची. तिचं बी वय आता चाळीसला टेकलं. यंदा आली तवा मी बघितलं, जेवताना तिनं एक भाकर खाल्ली अन् दुसरी सरकवली. मी म्हणलं, पोट दुखतंय का? ती म्हणली, न्हाई, उन्हानं भूक मरते. मी म्हणलं, दुखत असंल तर आजच्या आज दाखवून येऊ. ती माझ्याकडं बघतच राहिली. अन् मग जे दरवरशी म्हणते ते म्हणली, मी काय मायवानी लपवणारी हाय का.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी दोघं बांधानं रानाकडं चाललो होतो. ती पुढं, डोक्यावर पाण्याचा हंडा. मी मागून. तोंडासमोर बोलायची माझी छाती झाली नसती, पाठ होती म्हणून झाली.

“वनिते, तुझ्या मायनं काही लपवलं न्हाई.”

ती चालत राहिली.

“तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला होता. सोडलंय की म्हणली. डाक्टरला दाखवू का म्हणली. मीच म्हणलं, सुगी होऊ दे.”

ती थांबली. हंडा डोक्यावर तसाच. वळली न्हाई. पाण्याचा एक ओघळ तिच्या पाठीवरून गेला तो मी बघितला.

“तुमाला कळलं न्हाई, आबा?”

“कळलं होतं.”

एवढंच. तिनं कावून म्हणून विचारलं न्हाई. मी जबाब जुळवून ठेवला होता, दोन घरं, कंबर, सगळं. तिनं मागितला न्हाई. ती चालायला लागली, मला वाटलं माघारी फिरंल, गाडी धरंल, पण ती रानात गेली. हंडा उतरवला, हाताला फडकं बांधलं, पातीला लागली. मी माझ्या पातीला. मधी चार बाया होत्या.

ऊन चढेपर्यंत ती मान वर न करता उपटत होती. तिच्या पातीतली ताटं अशी निघत होती की माती झाडायला बी ती थांबत न्हवती, मुळं मातीसकट मागं पडत होती. मी तिकडं बघायचो अन् माझं चुकायचं. रांगेत मी मागं पडलो. मनात म्हणलं, आज सांगून मी काय केलं. मायवरचा राग काढून घेतला, ठीक. पण तो आता कुठं ठेवायचा ते तिला सांगितलं न्हाई. अन् मला सांगायचा काय अधिकार. तीन वरसं तिनं मायला शिव्या दिल्या त्या आता ती कशा परत घेईल. फोटोकडं केलेली पाठ कशी फिरवंल. असलं सगळं डोक्यात येत होतं. ते येताना बी पोट आपलं आवळत होतं, सोडत होतं.

दहाच्या सुमारास पारूबाईनं पाणी मागितलं. रांग जरा उभी राहिली. पारूबाईनं वनिताकडं बघितलं, तिचा चेहरा बघितला, अन् तिला वाटलं मायची आठवण आली. तिच्या परीनं ती मायाच करत होती. म्हणली, बाई, इथंच माझ्या बाजूला होती गं तुझी माय. हसत होती. घुमी होती लई. पोटातलं ओठावर येऊ दिलं न्हाई शेवटपर्यंत.

वनितानं कपाळाचा घाम दंडानं पुसला.

“न्हाई, काकू,” ती म्हणली. “मायनं सांगितलं होतं. आबाला सांगितलं होतं.”

आवाज चढवला न्हाई, रडली न्हाई. नुसतं सांगितलं, कुणाचं रान कवा काढायचं ते सांगावं तसं. पारूबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. एकेक करून सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्यातल्या दोघींच्या रानात सोजर त्या दुपारनंतर वाकली होती.  मी खाली बघितलं न्हाई. एवढं तरी करावं म्हणलं.

मग पारूबाईनं तांब्या खाली ठेवला अन् ताटाला हात घातला. बाकीच्यांनी बी घातला. पानांचा आवाज पुन्हा सुरू झाला. वनिता मायची पात घेऊन पुढं गेली होती. माझी अर्धी बाकी होती.